मोडी येत नाही, मग ऐतिहासिक कादंबरी लिहूच नये का?

पत्र थोडक्यात असं: नाशिकला राहणाऱ्या, चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांची पणजी १८९७ च्या प्लेगमध्ये लहान होती. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की पुरंदर तालुक्यातल्या त्यांच्या गावी गोरे सोजीर घरं तपासायला आले, पणजीच्या आईने तापाने फणफणलेल्या मुलाला धान्याच्या कणगीत लपवलं, आणि सोजीर गेल्यावर बघितलं तर पोर गेलेलं. मग सगळे घर सोडून मळ्यात झोपडी बांधून राहिले. यावर ताईंना कादंबरी लिहायची आहे. कितीतरी वर्षं वाचन चाललंय, लॅपटॉपवर पीडीएफचा ढीग साठलाय, केसरीतल्या उताऱ्यांनी वह्या भरल्यात, पण लिहून झालीत जेमतेम दोन प्रकरणं. त्यात एका शिबिरात एका ज्येष्ठांनी सुनावलं की मोडी येत नसेल आणि दफ्तरात दहा वर्षं घालवायची तयारी नसेल तर इतिहासाला हात लावू नये. तेव्हापासून हातच चालत नाहीये. चूक सापडली तर सोशल मीडियावर लोक फाडून खातील ही धास्ती वेगळीच, आणि मामा म्हणतात घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला. ताई विचारतात, आधी मोडी शिकू, इतिहासात एमए करू, की सोडूनच देऊ?

ताई,

सोडू नका. हे पहिल्यांदा सांगते, कारण तुमची दोन प्रकरणं मी वाचलीत आणि कणगीचा प्रसंग वाचून थोडा वेळ पुढे वाचता आलं नाही मला. तुमच्याकडे गोष्ट आहे. अडकलाय तो क्रम. आधी सगळा रिसर्च, मग लेखन, असं तुम्ही मनाशी धरून बसलाय, त्या ज्येष्ठांनीही तेच डोक्यात भरवलं, आणि हा समज तुमच्यासारख्या खूप जणांना वर्षानुवर्षं जागच्या जागी बसवून ठेवतो. रिसर्च कधी संपत नाही हो. एक रिपोर्ट वाचला की त्यात दुसऱ्या चार रिपोर्टांचे उल्लेख असतात, आणि वाचताना आपण काम करतोय असं वाटत राहतं, लिहिण्याची भीती आपोआप पुढे ढकलली जाते.

तुमच्याच पत्रातलं उदाहरण घ्या. तुम्ही लिहिलंय की १९०६ च्या आधी आपल्याकडे एकच स्टँडर्ड टाइम नव्हता, रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि मुंबईचं घड्याळ त्याच्या साधारण अर्धा तास मागे असायचं, आणि हे शोधण्यात तुमचे बरेच रविवार गेले. माहिती अगदी बरोबर आहे आणि सुंदर आहे. पण तुमची नायिका जानकी दोन प्रकरणांत काय, पुढच्या आराखड्यातही कुठेच आगगाडीत बसत नाही! तिला सूर्य कुठे आलाय एवढंच कळतं. आणि दुसऱ्या बाजूला, तिच्या घरात रात्री दिवा कसला लागायचा, करडईच्या तेलाचा की घासलेटची चिमणी, हे तुमच्या कुठल्याच वहीत नाही, कारण तो प्रश्न प्रसंग लिहायला बसल्याशिवाय पडतच नाही. म्हणून म्हणते, लिहा, आणि लिहिताना जिथे अडाल तिथे चौकोन टाकून पुढे जा: दिवा कसला ते बघ, कणगीला झाकण असतं का ते बघ, पोराला काय पांघरलं ते बघ. पहिला ड्राफ्ट अशा चौकोनांनी भरलेला असू दे. मग ते चौकोन घेऊन लायब्ररीत जा. नेमका प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला एका दुपारी जे सापडतं ते नुसतं वाचत बसणाऱ्याला वर्षभरात सापडत नाही.

आता मोडीचं. शिका, जरूर शिका, राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे वर्ग घेतं, आणि इतर संस्थाही घेतात. पण तुमच्या काळाला ती अट नाही. अठराव्या शतकातल्या पेशवाईवर लिहीत असतात तर गोष्ट वेगळी होती. १८९७ साली वर्तमानपत्रं आणि पुस्तकं देवनागरीत छापली जात होती आणि सरकारचे मोठे रिपोर्ट इंग्रजीत. मोडी लागते ती हाताने लिहिलेल्या कागदांना, घरातली पत्रं, सावकाराच्या वह्या, गावच्या नोंदी. तुम्हाला त्यातलं एकच दफ्तर खरं म्हणजे हवंय, गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. कुणबी नोंदींचा शोध चालू होता तेव्हा २०२३ मध्ये हेच कागद तहसीलमधून बाहेर निघाले, स्कॅन झाले, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली ते आठवत असेल. तर तुमच्या गावची त्या वर्षांची वही आहे का ते तालुक्याच्या अभिलेख कक्षात विचारा आणि मिळाली तर जाणकाराकडून वाचून घ्या, पैसे देऊन. त्यात काही कमीपणा नाही.

आणि तुम्ही नाशिकला राहताय ना? मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरलात कशा! तुमच्या घराण्यातलं कोणी यात्रेला किंवा अस्थी घेऊन आलं असेल तर त्यांच्याकडच्या नामावळीत नावं, गाव, पिढी मिळू शकते. इतकी वर्षं पीडीएफ चाळताय आणि हे हाताशी असलेलं राहून गेलंय.

एमए कशाला करायचं? आवड असेल तर करा, पण कादंबरीची परवानगी म्हणून करू नका.

आता जरा नाजूक विषयाकडे येते. तुम्ही गृहीत धरलंय की घरातली गोष्ट जशी सांगितली तशीच घडली. कदाचित घडलीही असेल. पण रँड ज्या प्लेग कमिटीचा प्रमुख होता तिचं काम होतं पुणे शहर, लष्कर आणि आसपासच्या भागात, साधारण मार्च ते मे १८९७ या काळात. दिवेघाट चढून पुरंदरच्या एखाद्या गावात सोजिरांची तुकडी घरोघर शिरली का, हे तपासल्याशिवाय मी मानणार नाही. उलट प्लेग पुढे कितीतरी वर्षं फिरून फिरून येत राहिला, आणि उंदीर पडायला लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या ही रीत त्या पुढच्या वर्षांत खेडोपाडी रुजली. म्हणजे असं असू शकतं की झोपड्यांचं वर्ष एक, कणगीचं वर्ष दुसरं, आणि सोजीर तिसऱ्याच कोणाच्या, पुण्यात राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरात शिरलेले, आणि नंतर सांगता सांगता तीन गोष्टींची एक झाली. पणजी खोटं बोलली असं म्हणत नाहीये मी. लहान मुलाची आठवण आणि मोठ्यांचं बोलणं असंच एकात एक मिसळतं.

यामुळे कादंबरी कोसळत नाही, तुम्हाला फक्त ठरवावं लागतं. एक मार्ग म्हणजे जानकीचं घर पुणे शहरात किंवा शहराला लागून न्यायचं, मग झडती तंतोतंत बसते. दुसरा, गावातच ठेवायचं आणि सोजिरांऐवजी पाटील, कुलकर्णी, सरकारी डॉक्टर अशी ओळखीची माणसं दारात आणायची. मला हा दुसरा जास्त ओढतो, कारण परक्याच्या भीतीने पोर लपवणं आणि रोज ज्याला रामराम घालतो त्याच्या भीतीने लपवणं यात फार फरक आहे. तिसरा मार्ग असा की नात सांगतेय, तिला सगळं नीट माहीत नाही, आणि ती शोधतेय. तो अवघड आहे, पहिल्या कादंबरीत नको.

आता तुमच्या दुसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य इथे देते, तुम्ही परवानगी दिलीच आहे: "'अगं, या पिसवांमुळेच रोग पसरतोय,' जानकी ठामपणे म्हणाली आणि तिने पाहुणीपुढे चहाचा कप ठेवला." या एका ओळीत दोन गोष्टी आपल्या काळातल्या शिरल्यात. पिसवांचं आधी. प्लेगचा जंतू १८९४ ला हाँगकाँगला सापडला होता, पण उंदरांवरच्या पिसवांतून तो माणसात येतो हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत शोधलं १८९८ ला, आणि तेही लगेच कोणी मानलं नाही. मार्च १८९७ मध्ये रँडला हे माहीत नव्हतं, सरकारी डॉक्टरांना नव्हतं, मग जानकीला कुठून? तेव्हा घाण, दमट जमीन, कोंदट हवा यांच्यावर संशय होता, म्हणून तर जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला, अंथरुणं-पांघरुणं जाळली. जानकीला एक गोष्ट मात्र पक्की माहीत असणार, उंदीर मरून पडले की माणसं मरतात. कारण माहीत नाही, पण क्रम माहीत आहे. तुळईवरून उंदीर पडतो, झोकांड्या खातो, आणि ती काही न बोलता पोरांच्या काखेत हात घालून गाठ आहे का चाचपते. बघा, पिसू काढून टाकली आणि प्रसंग किती धारदार झाला.

आणि चहा! १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं होतं. ते भांडण कोणाच्या घरचा चहा घेतला याचं होतं, हे खरं, पण त्यातून एवढं तरी कळतं की चहा तेव्हा शहरातल्या शिकलेल्या वर्तुळात आलेला होता. पुरंदरच्या मळ्यातल्या बाईने सहज पाहुणीपुढे कप ठेवावा इतका तो घरगुती झालेला नव्हता. गूळ-पाणी द्या.

सगळ्याच ऐतिहासिक लिहिणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, आपल्या पात्राला काय माहीत आहे याच्या आधी त्याला काय माहीत असूच शकत नाही याची एक यादी करा. आपल्याला नायिका शहाणी दाखवायची असते, म्हणून आपण तिला आपलं आजचं शहाणपण देतो, आणि तिथेच ती आपल्या काळातली बाई लुगडं नेसून उभी राहिल्यासारखी वाटते. जानकी धीट आहे, तर तो धीटपणा तिच्या काळातला शोधा. पोर लपवणं हाच तिचा धीटपणा आहे, आणि तीच तिची चूकही असू शकते, आणि दोन्ही खरं आहे. दवाखान्यात नेलेलं माणूस परत येत नाही असं तेव्हा लोक पक्कं धरून चालायचे. आपण मात्र २०२० पाहिलंय, तेव्हा लावलेला साथरोग कायदा हा त्याच फेब्रुवारी १८९७ चा, प्लेगसाठी केलेला. आपल्याला विलगीकरण का लागतं तेही कळतं आणि दारावर लागलेला बोर्ड काय करतो तेही कळतं. त्यामुळे सरकारची माणसं राक्षस आणि गावकरी बिचारे अशी सोपी वाटणी करू नका. हेतू रोग थांबवायचा होता, आणि पद्धत अशी होती की बायकांना उघड्यावर तपासलं जातंय म्हणून लोक पेटून उठले. हे दोन्ही एकाच पानावर राहू द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या वह्यांतली जवळजवळ सगळी टिपणं केसरीतली आहेत. केसरी वाचायलाच हवा, टिळकांनी एकीकडे हिंदू प्लेग हॉस्पिटलसाठी पुढाकार घेतला आणि दुसरीकडे झडत्यांवर सडकून टीका केली, ते सगळं त्यात आहे. पण ताई, तुमचं घर माळ्याचं, तुम्हीच लिहिलंय. मग त्या घरापर्यंत पोचणारी बातमी, त्या घराचं जग, फक्त पुण्याच्या पेठांमधून कसं दिसेल? त्याच काळात सत्यशोधकांचं दीनबंधू हे वर्तमानपत्र होतं, ते चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगच्या कामात होते आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले. आणि सावित्रीबाई! मुलगा यशवंत डॉक्टर, त्याने हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उभा केला, सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणत होत्या, आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर आणताना लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या असं सांगितलं जातं.

नकाशा काढा आणि हडपसर बघा. तिथूनच सासवडचा रस्ता निघतो, दिवेघाटाचा, तुमच्या गावाकडे जाणारा. त्याच महिन्यात, त्याच समाजातली एक बाई दुसऱ्याचं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्याकडे जातेय, आणि घाटाच्या वर एक बाई स्वतःचं पोर दवाखान्यापासून लपवतेय. हे तुमच्या टिपणांत कुठेच नाही आणि मला वाटतं तुमची कादंबरी इथे आहे. बाजारातून परतलेल्या कोणी जानकीला हडपसरच्या दवाखान्याचं सांगितलं असेल का? तिने ऐकून सोडून दिलं असेल का? सावित्रीबाईंना पात्र म्हणून पुढे आणू नका, मोठ्या माणसाच्या तोंडी वाक्यं घातली की वाचक तपासायला बसतो आणि जानकी मागे पडते. फक्त ऐकीव राहू द्या. रँडचंही तेच. प्लेगवरची प्रत्येक गोष्ट गणेशखिंडीतल्या गोळीकडे धावते, तुमची नको.

म्हणून साधनं वाचताना हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं आणि कोण यात बोलतच नाही, एवढं दर वेळी स्वतःला विचारा. गोपाळ कृष्ण गोखल्यांची हकीकत याच वर्षाची आहे. ते इंग्लंडला होते, पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं की सोजिरांनी दोन बायकांवर अत्याचार केला. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर कोणी पुढे येऊन सांगायला तयार नाही, शेवटी त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आता इतिहासकाराला इथे थांबावं लागतं, पुरावा नाही म्हणजे नाही. कादंबरीकार मात्र विचारू शकतो की त्या काळात कुठली बाई साक्ष द्यायला उभी राहिली असती, आणि उभी न राहिलेल्या बाईच्या घरात जाऊन बसू शकतो. एवढी मोकळीक आपल्याला आहे. पण खऱ्या माणसाच्या नावावर न घडलेला गुन्हा टाकायची मोकळीक नाही, मग तो गोरा का असेना.

काही साधनं सांगते, तुम्हाला आणि याच काळावर लिहू बघणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडतील. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, १८८५ चं, तीन भागांत आहे, त्यात घरं, भांडी, पिकं, मजुरी, कोणती जात काय खाते-नेसते सगळं आहे, फक्त ते साहेबाच्या नजरेतून आहे हे विसरू नका. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने हिंदुस्थानातले जुने वैद्यकीय रिपोर्ट ऑनलाइन फुकट ठेवलेत, प्लेगचे त्यात आहेत. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये प्लेगच्या काळातले फोटो बघायला मिळतात, ते मोठे करून कोपरे बघा, मधली माणसं पोझ देऊन उभी असतात पण कोपऱ्यातली चूल, खाट, चप्पल खरी असते. शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, ऑनलाइन शोधता येते. पण म्हणून जानकीला कोशातल्यासारखं बोलायला लावू नका. तुमच्या गावच्या म्हाताऱ्या बायका बोलतात तसं बोलू द्या, फक्त आजचा शब्द आत शिरला की खटकायला हवा.

आणि एक तक्ता करा, एकाच मोठ्या कागदावर. तारीख, तिथी, वार, बाजाराचा दिवस, शेतात काय चाललंय, आणि त्या वर्षी दुष्काळही होता म्हणून धान्याचा भाव, रुपया-आणे-पैमध्ये. तिथी का, तर उजेडासाठी. रँडवर गोळी झाडली ती २२ जून १८९७ ची रात्र कृष्णपक्षातली, निम्मा पक्ष उलटलेला, म्हणजे चंद्र उगवणार तोच मध्यरात्रीच्या सुमारास. तिथे कोणी पिठूर चांदणं लिहिलं तर जुनं पंचांग हातात असलेला वाचक लगेच पकडेल. तुमच्या कणगीच्या रात्री अंधार होता की चांदणं, हे तुम्हीच तारीख ठरवून ठरवायचंय.

लोक फाडून खातील म्हणताय. काही जण चूक काढतीलच. त्यावर उपाय एवढाच की शेवटी दोन पानांचं टिपण जोडा, काय नोंदलेलं आहे, काय घरात ऐकलेलं आहे आणि काय मी रचलंय. सोजीर गावात आणलेच तर तिथे सरळ लिहा की याची नोंद मला मिळाली नाही. प्रामाणिक टिपण असलं की चूक दाखवणारा माणूसही बहुतेक वेळा माहिती देऊन जातो, आणि ती पुढच्या आवृत्तीत घालता येते. जे तरीही शिव्या देतील त्यांच्यासाठी आपण लिहीत नाही.

राहिले मामा. त्यांचा राग मला समजतो, त्या गोष्टीत एका आईच्या हातून पोर गेलंय आणि ती त्यांची आजी-पणजी कोणीतरी आहे. म्हणून त्यांना परवानगी मागत बसू नका, आठवणी विचारा. त्या पोराचं नाव काय होतं? कोणी सांगितलं त्यांना, आईने की आणखी कोणी? मळ्यातली झोपडी नेमकी कुठे होती, विहिरीच्या कुठल्या अंगाला? बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून. नाव आणि गाव कादंबरीत बदला. आणि ड्राफ्ट पूर्ण झाला की छापायला द्यायच्या आधी त्यांना वाचायला द्या. कुठे दुखलं ते ते सांगतील, तेवढं ऐका आणि मग काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा.